पाचशे शब्दांचा आजार

बुधवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी शिंप्याच्या डाव्या अंगठ्यात शिवणयंत्राची सुई मोडली आणि अकरा वाजता, वैद्यकीयदृष्ट्या, तो विषय संपला. रुग्णालयातल्या धाकट्या डॉक्टरांनी सुईचं टोक चिमट्याने काढलं, दोन टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन टोचलं आणि सांगितलं, "घटकाभर पडा, मग घरी जा." पडायला सात नंबरची खाट मिळाली. शिंप्याने टाके उजेडात धरून पाहिले. दुसरा पहिल्यापेक्षा किंचित लांब पडला होता. पण दुसऱ्याच्या हातशिलाईला नावं ठेवू नयेत, म्हणून त्याने हात खाली घेतला.

त्याला घाई होती. लेकीला लांबच्या, कडाक्याच्या थंडीच्या गावी नोकरी लागली होती. शनिवारी सकाळी दहाची बस. तिच्या कोटाची एक बाही लागली होती आणि दुसरी लावतानाच सुईने दगा दिला होता. शिंप्याने अख्ख्या गावाला कोट चढवले होते. पोटच्या पोरीचा मात्र हा पहिलाच.

दुपारी त्याची बायको डिस्चार्जचं सुटकापत्र आणायला नोंदणीच्या खिडकीवर गेली ती हात हलवत परत आली. पाठोपाठ नोंदणी कारकून लॅपटॉप घेऊन आला आणि एखाद्याला ताप सांगावा तशा सुरात म्हणाला, "सेहेचाळीस."

"काय सेहेचाळीस?" शिंप्याने विचारलं.

"तुमच्या सुटकापत्राचे शब्द. पाचशे लागतात. तुम्ही चारशे चोपन्न शब्दांनी कमी आजारी आहात, मामा."

त्याचं असं झालं होतं. रुग्णालयाच्या दर्जा समितीने एक अभ्यास केला होता. नामांकित रुग्णालयांची सुटकापत्रं लांबलचक असतात, असं त्यात आढळलं. त्यावरून, सुटकापत्रं लांबलचक केली की रुग्णालय नामांकित होतं, हे ओघानेच आलं. मजकूर मोजायला इंटरनेटवरचं एक संकेतस्थळ मुक्रर झालं. तिथे मजकूर चिकटवला की शब्द, अक्षरं, वाक्यं आणि वाचायला लागणारा वेळ क्षणात कळे. पाचशेच्या खाली आकडा लाल, वर हिरवा. शेजारी 'सात दिवसांत वजन घटवा' अशी जाहिरात लुकलुके.

"पण आहे एवढंच झालंय ना मला," शिंपी म्हणाला. "सुई गेली, सुई काढली."

"ते चार शब्द झाले," कारकून म्हणाला. "बाकीचे सेहेचाळीसपर्यंत डॉक्टरांनी कसेबसे ओढलेत."

धाकटे डॉक्टर मनाने चांगले होते. त्यांनी स्टूल ओढलं आणि शिंप्याचा पूर्वेतिहास घ्यायला बसले. लहानपणीचं गालगुंड निघालं, सायकलवरून पडणं निघालं, आजोबांचा दमा निघाला. शंभरावर मजल गेल्यावर इतिहास आटला.

"हे घोरतात, ते लिहा की," बायको मदतीला धावली. "डाव्या कुशीवर तर विचारू नका!"

'रुग्ण गाढ झोपेत डाव्या कुशीवर वळून विशेष जोरात घोरतो,' असं डॉक्टरांनी लिहिलं. नऊ शब्द. बायकोला धन्य वाटलं. संसारात पहिल्यांदाच तिच्या तक्रारीची लेखी नोंद झाली होती.

पण कारकुनाने मान हलवली. "अंगठा हा शब्द चौदा वेळा आलाय. एकच अवयव सारखा आला की मजकूर पातळ धरतात. दुसरे अवयव घ्या."

म्हणून दुसरे अवयव घेतले. गुडघ्यांची छायाचित्रं काढली, कानांत नळकांडी घातली, छातीला तारा लावल्या. शिंप्याची प्रकृती मुळातच कंजूष निघाली. प्रत्येक अवयव 'ठीक' एवढा एकच शब्द देऊन मोकळा होई. डॉक्टर हिरमुसले. "मामा, जरा सहकार्य करा. बिघडलेला अवयव कसा परिच्छेद देतो, परिच्छेद!"

"डॉक्टर, आमच्यात आधी माणूस मोजतात, मग कापड कापतात," शिंपी म्हणाला. "तुम्ही कापड आधी कापलंत आणि आता त्यात बसेल असा माणूस शिवताय."

कारकुनाने हे वाक्य कौतुकाने मोजलं. पण ते वैद्यकीय नसल्याने घेता आलं नाही.

गुरुवारी मात्र नशीब उघडलं. सात नंबरच्या खाटेला मधोमध खळगा होता, त्याने शिंप्याची कंबर धरली. सत्तावन्न शब्द. कंबरेच्या गोळीने पोट बिघडलं. ऐंशी. पोटाच्या औषधाने चक्कर आली, आणि आठ नंबरच्या खाटेवरच्या गृहस्थाने आपला खोकला उदारपणे वाटून दिला. शुक्रवारी दुपारी आकडा चारशे अठ्ठ्याऐंशीवर आला. शिंपी भिंत धरून उभा होता आणि कारकून त्याचं अभिनंदन करत होता.

"बाराच शब्द राहिले, मामा! काहीतरी बारीकसं बघा ना. खाज वगैरे?"

"खाज?" शिंपी कडाडला. "उद्या पोर निघालीये माझी! कोटाला बाही नाही आणि तुम्ही मला खाज विचारता?"

डॉक्टरांनी लगबगीने त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला. रक्तदाब भरपूर चढला होता. एकवीस शब्द! एकूण पाचशे नऊ. आकडा हिरवागार झाला. डॉक्टरांचे डोळे पाणावले, बायकोने सुस्कारा सोडला आणि कारकुनाने कळ दाबून मजकूर समितीकडे धाडून दिला. लगेच उत्तर आलं: 'मंजूर. परिपूर्ण.'

शनिवारी नऊ वाजता छापील सुटकापत्र हाती पडलं. शिंपी बायकोच्या खांद्यावर भार देत, खोकत, फाटकाशी आला. फाटकापलीकडे लेक बॅग घेऊन उभी होती. अंगात एका बाहीचा कोट, हातात दुसरी बाही आणि टाचण्यांची डबी. घर जवळ, बसला तास. हाताने शिवली तरी बाही अर्ध्या तासात लागली असती.

रखवालदाराने कागद मागितला. तो नवा होता. कागद वाचायचा असतो असा त्याचा समज होता. पहिल्या शब्दावर बोट ठेवून तो निघाला. अंगठ्यातून गालगुंडात, गालगुंडातून दम्यात, कानांतून पोटात. "मामा, तुम्ही डाव्या कुशीवर झोपू नका हं," मध्येच त्याने सल्लाही दिला. त्या संस्थेत लिहिलेला मजकूर पुरता वाचणारा तो पहिलाच माणूस असावा. तो शेवटच्या शब्दापाशी आला, कागद उलटा करून पाहिला आणि म्हणाला,

"ह्यात तुम्हाला सोडल्याचं कुठंय?"

कारकुनाला बोलावलं. तो चहा संपवून अर्ध्या तासाने आला. त्याने कागद पाहिला आणि शांतपणे खुलासा केला. पाचशेपेक्षा कमी चालत नाहीत हा समितीचा नियम. पाचशेपेक्षा जास्त मावत नाहीत ही समितीच्या रकान्याची मर्यादा. जास्तीचे नऊ शब्द आपोआप गळाले. ते शेवटचे होते: 'वरील सर्व तपासण्यांनंतर रुग्णाला आज घरी सोडण्यात येत आहे.'

"अहो, मग माझे घोरण्याचे नऊ काढा ना!" बायको रडकुंडीला आली. "मेलं सोडल्याचं वाक्य तिथं नेमकं बसेल!"

"मंजूर मजकुरातला शब्द काढता येत नाही, मामी. त्याला वेगळा खुलासा लागतो. किमान तीनशे शब्दांचा."

"मग दुसरं सुटकापत्र लिहा."

"एका आजाराला एकच. दुसऱ्यासाठी नवीन आजार लागेल." कारकुनाने शिंप्याकडे आशेने पाहिलं. "मामांना आता सवय झालीये."

शिंप्याने फाटकाच्या गजांतून हात बाहेर काढला आणि बाही लेकीच्या खांद्याला लावून पाहिली. माप बिनचूक होतं. उजव्या हाताने चार टाचण्या टोचल्या, पाचवी टोचताना भोवळ आली आणि त्याने गज धरले. रस्त्याच्या टोकाला बसचा भोंगा वाजला.

"राहू द्या, आप्पा," लेक म्हणाली. तिने बाही घडी करून बॅगेत ठेवली. "एकाच हाताला थंडी वाजेल ना? तो खिशात घालेन."

रखवालदाराला सोमवारी मेमो मिळाला. वाचनवेळ अडीच मिनिटांचा असताना त्याने अकरा मिनिटं लावली होती. शिंपी सात नंबरच्या खाटेवर आहे. नव्या सुटकापत्राचे एकशे नव्वद शब्द जमले आहेत.

जुनं सुटकापत्र, नाव झाकून, समितीने आदर्श नमुना म्हणून रुग्णालयाच्या संकेतस्थळावर लावलं आहे. दोनशे बारा जणांनी त्याला अंगठा उंचावून पसंती दिली. पान उघडल्यापासून अंगठा उंचावेपर्यंतचा वेळ, सरासरी नऊ सेकंद. शेवटचं वाक्य नाही, हे एकानेही कळवलेलं नाही.

त्या दोनशे बारांत तुम्हीही असाल. नीटसं आठवत नाही म्हणता? आठवणार नाहीच. अंगठा तेवढा शाबूत आहे ना, बघा.