केरबा मिस्त्री यांच्या न मोजलेल्या वेढ्यांची हकिकत

श्रीविश्वकर्मा प्रसन्न. जें डोळां देखिलें तेंच लिहितों, वाढवून नाहीं आणि झांकूनही नाहीं. शके एकोणीसशें शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख शुद्ध तृतीया, शुक्रवार, ते दिवशीं केरबा मिस्त्री यांनीं थोरली गादी सोडून पुलाखालीं आपलें राज्य मांडिलें. थोरली गादी म्हणजे पेठेंतील निवृत्तीशेट यांचा विजेच्या मोटारी भरावयाचा कारखाना. जळाल्या मोटारीची जुनी तार काढून नवी भरणें हा तेथील उद्योग. केरबांनीं तेथें बावीस वर्षें चाकरी केली, आणि हात ऐसा कीं त्यांनीं भरलेली मोटार वर्षांत परत आली ऐसें जाहलें नाहीं. निघते समयीं शेट बोलिले कीं महिन्यांत पायरीशीं येशील. केरबांनीं पान्ह्यांची पिशवी उचलिली आणि निघाले. मीही तेथलाच चाकर, बरोबर निघालों. माझें कुटुंब पौषांत वारलें होतें, घरीं बसवत नव्हतें, तेव्हां म्हटलें चला.

पहिलीच कामगिरी मोठी आली. टेकडीवरच्या वस्तीला पाणी चढविणारी मोटार जळाली आणि वस्तीचीं माणसें ती हातगाडीवर घालून आमचे दारीं आलीं. ऊन मोठें, हंडे रिकामे, तीन दिवसांत द्या म्हणालीं. केरबांनीं छिन्नी चालविली, जुनी तार तोडून ओढून काढिली, भंगारवाला दारावरून जात होता त्यास देऊन टाकिली, आणि मग मोटार पुसून, नवी तार घेऊन वेढे घालावयाच्या चाकापाशीं बसले. दांडा धरिला आणि मान वळवून वाट पाहूं लागले. मी विचारिलें, काय पाहतां? तेव्हां दोघांसही उमजलें. थोरल्या गादीचा रिवाज ऐसा कीं मोटार फोडण्याआधीं जुने वेढे शेट स्वतः मोजीत, खिशांतल्या वहींत लिहीत आणि खुर्चीवरून आंकडा सांगत; कारागिरानें तितके घालावे. केरबांनीं बावीस वर्षें वेढे घातले, जुने मात्र एकदांही मोजिले नाहींत. अंदाजें भरावी तर मोटार पुन्हा जळेल, वस्ती तहानेली राहील आणि नव्या राज्याचें नांव पहिल्याच कामाला बुडेल. भंगारवाल्याकडे धांवलों तर तार भट्टीला गेली होती.

इतक्यांत केरबांच्या घरच्या सुंद्राबाई डबा घेऊन आल्या आणि सर्व ऐकून म्हणाल्या, "अहो, बावीस वर्षं कामाला जात होतात की झोपायला?" मग मजकडे वळून बोलिल्या, "भावजी, तुम्ही जा शेटकडे. ह्यांना ती पायरी चढवायची नाही."

मी वकील होऊन गेलों. शेटनीं उभें ठेविलें आणि चाकरांसमक्ष टोमणे मारिले, कीं नवे राजे काय म्हणतात, छत्रचामर आणिलें कीं नाहीं, आणि केरबा स्वतः कां न आला. मी म्हटलें, लाजतात. मग शेट हलक्यानें पुसूं लागले कीं तुझी मालकीण जाऊन किती जाहले. म्हटलें, चार महिने. स्वयंपाक कोण करितें, म्हणाले. म्हटलें, मीच, जमेल तैसा. तेव्हां त्यांनीं खिशांतील वही काढिली, पानें उलटिलीं, चष्मा सारखा केला आणि बोलिले, "टेकडीची मोटार सहा वर्षांपूर्वी इथंच भरली. केरबानंच भरली. अठ्ठावन्न वेढे. सांग त्याला, आधी मोज, मग छिन्नी घाल. आणि लाजायचं असेल तर माझ्यासमोर येऊन लाज म्हणावं."

मग मोटार भरिली, वार्निश वाळलें आणि तिसरे दिवशीं सकाळीं ती टेकडीवर नेऊन बसविली. कळ दाबिली तेव्हां केरबा कान लावून उभे होते. मोटार न गुरगुरतां फिरली आणि वर टाकींत पाणी पडल्याचा आवाज आला. बायका हंडे घेऊन धांवल्या, आणि केरबा तेथेंच दगडावर बसले ते पुष्कळ वेळ उठलेच नाहींत. मी घरीं गेलों, पिठलें केलें, आणि पौषानंतर प्रथमच पोटभर जेवलों.

येणेंप्रमाणें नवें राज्य उभें राहिलें. शेटनीं बुडवावें म्हटलें असतें तर एक वही मिटून ठेवणें पुरें होतें; त्यांनीं ती उघडिली. हकिकत इतकीच, आणि ती खरी आहे.