किसनआबांची दोन मिनिटं

चैत्र शुद्ध दशमी, सकाळ. शर्त सव्वा शेर पेढ्यांची. हजर: मी, आमचे शेजारी किसनआबा, शिवा न्हावी, आणि आबांचं खिशातलं घड्याळ, जे तेव्हा आबांसकट शिवाच्या ओट्यावर आडवं होतं.

तहसिलीतून पेन्शनीवर सिरसाळ्याला आल्यापासून आबा दर पाव तासाने आडवे होत. असतील तिथे. "उभं घड्याळ पळतं, निजलेलं रेंगाळतं. चूक चुकीला खाती," असं त्यांचं म्हणणं. एका मयताला आले आणि तिरडीशेजारीच आडवे झाले. परगावच्या पाहुण्यांनी मला हळूच विचारलं, "दुसरं कोण गेलं?"

"आबा, घड्याळ एकटंच निजवा की," शिवा म्हणाला. दाढी अर्धीच झाली होती.

"एकटं ठेवलं की गार पडतं, चाल बदलती. अंगाची ऊब लागती त्याला."

"लई लाडावलंय."

"आठ दिवसांत मिनिटाची चूक निघाली तर पेढे मी देतो. न्हाई निघाली तर हे नाना देतील." आबांनी माझ्याकडे बोट केलं.

मी आकड्यांचा माणूस. महादेवाच्या पटांगणात काठी रोवली, दक्षिणोत्तर सुतळी ताणली. काठीची सावली सुतळीवर आली की बारा. आठ दिवस मोजलं. घड्याळ दोन मिनिटं मागे.

"एवढं लोळून मागंच?" शिवा म्हणाला. "पेढे केशराचे आणा, आबा."

आबा हलवायाकडे निघाले. मला मात्र माझा कागद खुपत होता. पहिल्या दिवशी दोन, आठव्या दिवशीही दोनच. चुकणारं घड्याळ रोज थोडं थोडं चुकत जातं. हे चुकतच नव्हतं. ते लावलंच मागे होतं.

मी त्यांना वाटेतच गाठलं. "आबा, हे कुठल्या सावलीवर लावलंय?"

आबा थांबले आणि घड्याळाला किल्ली देऊ लागले.

"नांदूरघाटच्या. पोरीच्या अंगणात. ते गाव मावळतीकडं, तिथं बारा उशिरा वाजत्यात. तिच्याकडं घड्याळ न्हाई. ती वृंदावनाची सावली बघून ताटावर बसती, मी इथं बसतो. तिची आई गेली तवा ठरलं आमचं. एकट्यानं जेवायचं न्हाई."

मी कागदावर लिहिलं: चूक शून्य. शर्त मी हरलो.

सव्वा शेर पेढे आबांच्या सांगण्यावरून गाडीवानाबरोबर नांदूरघाटला त्यांच्या लेकीकडे रवाना केले. गाडी परवा सकाळी पोचणार होती. त्यातला एक आबांनी ठेवून घेतला. परवाच्या बारासाठी.