तिसऱ्या गिअरमधली झोप

जुनी गाडी घेताना लोक फसतात, कारण त्यांना आतलं दिसत नाही. मला दिसतं. मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. माणूस दारातून आत आला की तो कुठल्या अंगावर भार टाकतोय यावरून, फोटो काढायच्या आधीच, काय मोडलंय ते मी ओळखते. मग गाडीची काय कथा! तिला तर बॉनेट असतं. उघडलं की झालं.

हे मी नवऱ्याला ऐकवलं तेव्हा आठ महिन्यांची मुलगी खांद्यावर होती, मी घरातली सत्ताविसावी फेरी मारत होते आणि माझा गाऊन उलटा होता. त्यामुळे बोलण्याचा म्हणावा तसा प्रभाव पडला नाही.

आमच्या मुलीला घरात टिटवी म्हणतात. झोपत नाही म्हणून. पाळणा झाला, झोळी झाली, माझा आवाज बसेपर्यंत गाणी झाली, मिक्सर रिकामा फिरवून झाला. वीस मिनिटांच्या वर डोळा मिटायचा नाही. आणि उठली की अशी ताजीतवानी, जणू रात्रभर झोपून उठलीय. तिच्यासोबत आम्ही दोघं जागे, आणि फार जागलेल्या माणसाला उघड्या डोळ्यांनी स्वप्नं पडायला लागतात. मी दुधाची बाटली धुता धुता थांबायचे आणि साबणाच्या फेसातून एक लाल गाडी येताना दिसायची. छोटी, बुटकी, दोन दारांची, पुढून दबा धरून बसलेल्या मांजरीसारखी. मी गिअर टाकते, ती झेप घेते, रस्त्यावरचे लोक वळून बघतात. कुणाची तरी आई म्हणून नाही, नुसतं मला बघतात.

रजा संपत आली होती. टिटवीला पाळणाघरात सोडून कामावर जायचं तर गाडी लागणारच होती. बजेट म्हणाल तर एवढं, की नव्या गाड्यांच्या दुकानात आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नसतं. आणि घरातल्या घरात एक गाडी तयार होती: मामेसासऱ्यांची. बिस्किटाच्या रंगाची, चार दारांची, मागे उशी, उशीवर टॉवेल. वाईट काहीच नव्हतं तिच्यात. नुसतं बघितलं की जांभई यायची.

नवरा छापखान्यात मुद्रितं तपासतो. चुका काढण्याचा त्याला पगार मिळतो आणि घरी तो हे काम फुकट करतो. त्याने तह सुचवला. लाल गाडी बघायची, पण शब्द कानसेनांचा शेवटचा. ते हो म्हणाले तर लाल. नाही म्हणाले तर त्याच संध्याकाळी मामांना फोन.

कानसेन म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला गॅरेज असलेले मेकॅनिक. बॉनेट ते शेवटी उघडतात. आधी शेजारच्या सीटवर बसतात, डोळे मिटतात आणि ऐकतात. गाडीने थोडं चालून दाखवलं की खालच्या पट्टीत रोग सांगतात. सगळी गल्ली त्यांना मानते. मीही मानत होते, आणि तीच पंचाईत होती.

लाल गाडी एका दातांच्या डॉक्टरांची होती. शनिवारी दुपारी त्यांच्या दवाखान्याखाली पोचलो. स्वप्नातली मांजर खरोखर फुटपाथला टेकून बसली होती. कंबरेने दगा दिला म्हणून विकतोय, असं डॉक्टर म्हणाले. एवढ्या बुटक्या गाडीत बसता येतं, पण उतरायला दोन माणसं लागतात. बोलताना ते सारखे तिच्या टपावरून हात फिरवत होते, सासरी निघालेल्या मुलीच्या पाठीवरून फिरवावा तसा. वर खुर्चीत एक पेशंट दाढेला इंजेक्शन घेऊन बसला होता. दाढ बधिर व्हायला पंधरा मिनिटं लागतात, तेवढ्यात चक्कर मारून येऊ, असा त्यांचा हिशेब होता.

माझ्याकडे एकोणीस मुद्द्यांची यादी होती. थंड इंजिन चालू करून बघणे, धूर बघणे, ब्रेक दाबून गाडी एका बाजूला ओढते का ते बघणे, मोकळ्या रस्त्यावर पळवून बघणे. मी गाडी चालवणार, शेजारी कानसेन, मागे टिटवीची खुर्ची मधोमध आणि तिच्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला डॉक्टर. दोन दारांच्या गाडीत मागे बसणं म्हणजे बरणीत शिरणं. तिघं आत गेले आणि झाकण लागलं.

निघताक्षणी डॉक्टरांनी मागून हात लांब करून रेडिओ लावला, बराच मोठा. टिटवीने त्याहून मोठा सूर लावला. कानसेन म्हणाले, "डॉक्टर, ते बंद करा. मी ऐकायला आलोय." डॉक्टरांनी नाइलाजाने रेडिओ बंद केला.

आणि मग गाडीच गायला लागली.

तिसऱ्या गिअरमध्ये, काटा चाळीसवर आला की, पायाखालून कुठून तरी 'घूंऽऽ' असा आवाज यायचा. जाड, उबदार, लांबलचक. डावीकडे वळलं की तो आणखी भरायचा, सरळ झालं की पुन्हा उतरायचा. आरशात बघते तर डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या रेडिओप्रेमाचा उगम मला कळला. शेजारी कानसेनांची भुवई वर गेली. आवाज वाईट होता हे मलाही समजलं. एक्स-रे काढणारीला मोडकं हाड दिसल्यावर आणखी काय सांगायचं? मामांची बिस्किटी गाडी डोळ्यांसमोर येऊन उभी राहिली, उशीसकट.

तेवढ्यात नवरा कुजबुजला, "अगं, झोपली."

आरसा वळवला. टिटवीची मान एका बाजूला कलली होती, मूठ उघडली होती आणि मुठीत माझी यादी होती, चघळलेली. पापण्या पूर्ण मिटलेल्या. अशा मिटलेल्या मी तिच्या जन्मापासून पाहिल्या नव्हत्या.

पुढे लाल दिवा आला. थांबले. घूं थांबलं. पापण्या हलल्या. हिरवा झाला, निघाले, घूं सुरू, पापण्या शांत. आता सांगा, कुठली आई थांबेल? मी ठरवलं, उजवीकडे वळायचं नाही, कारण तिथे दिवे आहेत. डावीकडे वाट मोकळी असते. मग डावीकडे, पुन्हा डावीकडे, पुन्हा डावीकडे. चार डावी वळणं घेतली की माणूस होता तिथेच येतो. आलो. पुन्हा निघालो.

यादीतलं एकही काम होईना. ब्रेक दाबता येईना, कारण ती उठेल. वेग वाढवता येईना, कारण पन्नासला घूं किनरं व्हायचं आणि ती चुळबुळ करायची. बोलता तर येतच नव्हतं. कानसेनांनी कानाजवळ बोट गोल गोल फिरवलं. त्यांना म्हणायचं होतं, चाक ऐका. डॉक्टरांना वाटलं, हे मला वेडा म्हणतायत, आणि ते फुरंगटून बसले. नवऱ्याला वाटलं, आणखी एक फेरी मारा म्हणतायत, आणि त्याने मला खांद्यावर थोपटून तसं सुचवलं. मी मारली.

पंधरा मिनिटं केव्हाच संपली. डॉक्टर सारखे घड्याळ दाखवून स्वतःच्या दाढेवर बोट ठेवत होते. पेशंटची आठवण करून देत होते बिचारे. पण पाचव्या फेरीला बोट गालावरच राहिलं आणि त्यांचं डोकं काचेला टेकलं. सहाव्या फेरीला नवऱ्याचं डोकं टिटवीच्या खुर्चीला टेकलं. कानसेन डोळे मिटून होते, पण ते ऐकतायत की झोपलेत हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. दुपारचं ऊन झाडांतून गळत होतं, रस्त्यावर सावल्यांचे ठिपके होते, आणि मी एकटी, आठ महिन्यांत पहिल्यांदा एकटी, लाल गाडीतून चाललेय. बाजूने तेच किराणा दुकान, तोच बाक, तेच कुत्रं पुन्हा पुन्हा येत होतं, ओळखीच्या स्वप्नासारखं. चौकातल्या हवालदाराकडे बघून मी दर फेरीला हसत होते. नवव्या फेरीपासून तो हसेनासा झाला.

अकराव्या फेरीला, ऐन चौकात, गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली. पेट्रोल संपलं होतं. विकायच्या गाडीत कोण भरभरून पेट्रोल ठेवतं?

घूं बंद. असली शांतता मी एक्स-रेच्या खोलीतही ऐकली नव्हती. टिटवीचा खालचा ओठ हळूच पुढे आला. हा ओठ आम्हाला माहीत आहे. ओठानंतर तीन सेकंद, मग जग बुडतं.

एक. दोन.

"घूंऽऽऽ," कानसेन म्हणाले.

डोळे मिटलेलेच होते. पण पट्टी तीच, जाडी तीच, हुबेहूब गाडी. पुढे आलेला ओठ थबकला, आणि परत आपल्या जागी गेला.

पेट्रोल पंप चौकाच्या पलीकडे दिसत होता. ढकलायला माणसं हवीत. कानसेन उतरले तर सूर उतरणार. श्वास घ्यायला ते थांबले तेवढ्यात डॉक्टर जागे झाले, परिस्थिती एका नजरेत समजले आणि त्यांनी तोच सूर उचलून धरला. जन्मभर दातांत ड्रिल फिरवलेला माणूस, कान तयारच होते! डॉक्टर मागच्या सीटवर गाऊ लागले, कानसेन आणि एव्हाना जागा झालेला नवरा उतरून ढकलू लागले, आणि डॉक्टरांचा सूर ढळू नये म्हणून कानसेन ढकलताना डोकं खिडकीतून आत घालून साथ देऊ लागले. मी स्टिअरिंग धरून बसले होते. माझ्या लाल स्वप्नाचा वेग त्या वेळी ताशी दोन असावा.

हवालदार आला. त्याने बघितलं: बंद गाडी, ढकलणारे दोघं, आणि तरी गाडीचा आवाज येतोय, माणसांच्या तोंडून. त्याने काठी बगलेत मारली आणि तो खिडकीशी वाकला. मी ओठांवर बोट ठेवून मागे दाखवलं. तो बराच वेळ टिटवीकडे बघत राहिला.

"किती महिन्यांची?" त्याने कुजबुजत विचारलं.

"आठ."

"आमचं सहा महिन्यांचं आहे," तो म्हणाला. मग चारही बाजूंची वाहतूक थांबवून, कुणी हॉर्न वाजवला तर बघून घेईन अशा डोळ्यांनी सगळ्यांना गप्प करून, त्याने मागून खांदा लावला. पंपापर्यंत पोचलो तेव्हा तोही बारीक सुरात घूं करत होता.

दवाखान्याशी परतलो तेव्हा दीड तास झाला होता. डॉक्टरांना ओढून बाहेर काढलं. ते कंबर धरून जिना चढले आणि वरूनच त्यांनी खाली हळू आवाजात कळवलं, पेशंट खुर्चीतच झोपलाय. तो दिवसच तसा होता.

आता निकाल. इंजिन मी चालूच ठेवलं होतं, पण उभ्या गाडीला घूं कुठून येणार? म्हणून नवरा मागच्या सीटवर बसून सूर धरून होता, आणि सुराच्या फटीतून त्याने विचारलं, "मग? हो की नाही?"

कानसेनांनी बॉनेट उघडून आत पाहिलं, बंद केलं. "पुढच्या उजव्या चाकाचं बेअरिंग गेलंय," ते म्हणाले. "इंजिन, गिअर, क्लच एकदम स्वच्छ."

मी मनातल्या मनात मामांच्या गाडीतला टॉवेल धुवायला काढला.

"घ्या," कानसेन म्हणाले.

नवऱ्यातला मुद्रितशोधक जागा झाला. "पण दोष आहे म्हणालात."

"आहे. आणि तो कुठे आहे ते आपल्याला माहीत आहे. मामांच्या गाडीचा अजून शोधायचाय."

लाल गाडी आमची झाली. मी कानसेनांना हळूच विचारून पाहिलं, ते बेअरिंग तसंच ठेवलं तर? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी मोडका पाय घेऊन धावू का म्हणणाऱ्याकडे बघते. लेकरू बसतं त्यात, म्हणाले, चाकाशी खेळ नको. सोमवारी नवं बेअरिंग बसलं. मंगळवारी गाडी लोण्यासारखी चालली, आवाज नाही की थरथर नाही, आणि टिटवी पहिल्या वळणाला टक्क जागी झाली.

तेव्हापासून दुपारची सुट्टी असली की आम्ही असे निघतो: मी गाडी चालवते आणि नवरा मागे बसून बेअरिंगचं काम करतो. तिसरा गिअर, चाळीसचा वेग, डावीकडे वळताना सूर थोडा भरायचा, हे तो आता न सांगता करतो. काच खाली घ्यावी लागते, कारण त्याला मध्ये मध्ये श्वास लागतो. परवा सिग्नलला एक सायकलवाले आजोबा शेजारी येऊन थांबले आणि मान वळवून मागच्या सीटवर घूं करणाऱ्या नवऱ्याकडे बघत राहिले.

तर मला साबणाच्या फेसात दिसलं होतं ते खरं ठरलं. लाल गाडीतून गेलं की लोक वळून बघतात. फक्त माझ्याकडे नाही.