ब्रेक लावलेलं विमान

नानांच्या घरी जेवायला बसलं की पाटातून वारा लागतो. पाटाला भोकं आहेत. मधोमध एक मोठं, बाजूने चार लहान, कंपासने आखून पाडलेली. विळीला भोकं, खुर्चीच्या पाठीला भोकं, देव्हाऱ्याच्या फळीला भोकं. "ताकद असते कडेला," नाना म्हणतात, "मध्ये नुसतं वजन." देव्हाऱ्यातला बाळकृष्ण एकदा त्या भोकातून खाली गेला. नानांनी भोक बुजवलं नाही. बाळकृष्णाला कडेला सरकवलं.

नाना आमचे शेजारी. वय ऐंशीच्या आसपास. मूळ गाव लांज्याच्या आतल्या अंगाला, घर आता रत्नागिरीत. आमच्याकडचे बाकीचे पुरुष नोकरीला मुंबईला गेले, नाना बंगळूरला गेले, विमानाच्या कारखान्यात. तिथे ते ट्रेसर होते. विलायतेहून आलेली ड्रॉइंगं पारदर्शक कापडावर शाईने जशीच्या तशी उतरवायची, हे ट्रेसरचं काम. एक रेघ वाढवायची नाही, एक गाळायची नाही. स्वतःची अक्कल चालवली तर नोकरी जायची. हे ऐकलं तेव्हा मी म्हणाले होते, की आमच्या गावातले निम्मे पुढारी जन्मजात ट्रेसर आहेत. नानांना ते आवडलं नाही. "ट्रेसरचा हात स्वच्छ लागतो गो," ते म्हणाले.

त्यांनी उतरवलं ते विमान म्हणजे नॅट. एका लहानशा इंग्लिश कंपनीचं. लढाऊ विमानं वर्षागणिक जाडजूड आणि महाग होत चालली होती, तेव्हा या कंपनीने हट्टाने उलटी वाट धरली. लहान करा, हलकं करा, स्वस्त करा. पहिल्या नमुन्याचं नाव मिज, दुसऱ्याचं नॅट. दोन्ही चिलटांची नावं. खुद्द इंग्रजांच्या हवाई दलाने ते फक्त शिकाऊ वैमानिकांसाठी घेतलं. लढायला घेतलं आपण. आणि त्या कंपनीला पुढे एका मोठ्या कंपनीने गिळलं. मोठ्यांना हलकेपणा सोसत नाही, हे माझं मत. नानांचं म्हणणं एवढंच, की ड्रॉइंगं चांगली होती.

त्या कंपनीचं तत्त्वज्ञान नानांनी संसाराला लावलं. टूथब्रशचा दांडा अर्धा कापलेला. छत्रीची मूठ काढलेली. दाराच्या तीन बिजागऱ्यांपैकी एक काढलेली, त्यामुळे दार उघडायचं तर आधी त्याला उचलून धरावं लागतं. आलेल्या माणसाला "बस" म्हणायच्या आधी ते त्याच्या हातातली पिशवी स्प्रिंगकाट्याला अडकवतात आणि आकडा वाचून मान हलवतात.

आमच्या संघटनेसाठी लिहिलेलं माझं पहिलं पत्रक मी मोठ्या अभिमानाने त्यांना दाखवलं. पाण्याच्या टाकीबद्दल होतं. नानांनी पेन्सिल घेतली आणि 'धगधगता', 'निर्लज्ज', 'जाहीर' आणि 'तीव्र' या चार शब्दांवर रेघ मारली.

"काढले. काही पडलं?"

पडलं नव्हतं.

"मग ते वजन होतं."

तेव्हापासून माझी पत्रकं निम्म्या कागदावर मावतात. लोक वाचत नाहीत ते नाहीतच, पण कागद वाचतो.

आता मुख्य गोष्ट. बारा वर्षांपूर्वी आमच्या नाक्यावर एक निवृत्त नॅट चौथऱ्यावर बसवलं. ज्या कार्यालयाने बसवलं त्याचं नाव घालत नाही. घातलं तर त्याच्यावर सुनावणी लागेल. विमानाला स्वयंपाकाच्या डब्यासारखा चंदेरी रंग फासला, पंखांना दोऱ्या बांधून वाढदिवसांचे फलक टांगले आणि चाकं अर्धवट बाहेर, चाकांची दारं उघडी, अशा अवस्थेत सगळं वेल्डिंगने पक्कं करून टाकलं.

सामान्य माणसाला यात काही खटकणार नाही. पण नॅटला हवेतला वेगळा ब्रेकच नाही. वजन वाचवायला कंपनीने चाकांच्या दारांवरच ते काम टाकलं. उडताना चाकं थोडी खाली घेतली, दारं वाऱ्यात उघडली, की विमानाचा वेग मरतो. म्हणजे आमचं विमान नाक आभाळाकडे करून झेपावतंय आणि त्याच वेळी ब्रेक लावून उभं आहे. गेली बारा वर्षं. आमच्या गावाचं याहून खरं स्मारक कुणाला सुचलं नसतं. मी तसं पत्रकही काढणार होते. नाना म्हणाले, "नको. चेष्टा नको. दारं मिटायला हवीत."

त्यासाठी नानांच्या घरून दर वर्षी एक अर्ज जात होता, हे मला ठाऊक होतं. एका अर्जानंतर कार्यालयाने रंगाचा नवा हात मारला. एकानंतर चौथऱ्याला साखळी लावली. दारांना कुणी हात लावला नाही. शेवटी मी भडकले आणि नानांना न विचारता माहितीच्या अधिकारात त्या फाइलची मागणी केली. नक्कल मिळाली नाही. पण फाइल उघडली गेली, आणि आठवड्याभरात नानांच्या घरी नोटीस आली. अर्जदाराने सुनावणीस जातीने हजर राहावे. अर्जदाराचं नाव होतं सौ. सुलोचना दत्ताराम.

सुलोचनाकाकी म्हणजे नानांची बायको. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

मी नानांना ते नाव वाचून दाखवलं. त्यांनी नोटीस घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "चल बाय, जाऊन येऊ."

सुनावणी चार मिनिटं चालली. साहेबांनी अर्जदार कुठे म्हणून विचारलं. नानांनी खरं ते सांगितलं. मग पुढचे सहा अर्ज मयत व्यक्तीच्या नावाने कसे आले, असं साहेब म्हणाले, आणि शिपायाकडे बघून हसले. मी बोलायला उठले तर नानांनी माझा दंड धरला. फाइलवर शेरा पडला: अर्जदार मयत, प्रकरण बंद. बारा वर्षं झोपलेली फाइल मी जागी केली, ती मरण्यासाठी.

परत येताना नाक्यावर नाना थांबले. मी चिडूनच विचारलं, की स्वतःच्या नावाने अर्ज करायला काय झालं होतं.

नाना विमानाच्या पोटाकडे बघत सांगत गेले. लग्नानंतर काकी गावी राहिली, सासूसासऱ्यांपाशी. ते बंगळूरला. वर्षाकाठी महिनाभराची रजा. दर रविवारी पत्र. पत्रात लिहायचं काय, हे नानांना कधी कळलं नाही. मग त्या आठवड्यात जो भाग ट्रेस केला असेल तो काढून पाठवायचे, खाली मराठीत खुलासा. काकी सातवी शिकलेली. तिने ती पत्रं क्रमाने लावून ठेवली होती. चुलीपुढे बसून तिने अख्खं विमान जोडलं, न बघता.

"इथे बसवलं त्या दिवशी घेऊन आलो तिला," नाना म्हणाले. "भाषणं चालली होती. ही मला कोपराने ढोसते. म्हणते, अहो, ह्याने ब्रेक लावलान. मला दिसलं नव्हतं. जन्म गेला माझा, आणि मला दिसलं नव्हतं. ती म्हणाली, तुम्ही असं नव्हतं लिहिलंत. सांगा त्यांना." त्यांनी उघड्या दाराकडे हात केला. "तक्रार तिची आहे. मी नुसती ट्रेस करतो."

घरी गेल्यावर त्यांनी अर्जांच्या प्रती काढल्या. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात, कारखान्यातल्या ड्रॉइंगवर असते तशी, बारीक चौकट. पहिल्या ओळीत: 'मूळ: सु.' दुसरीत: 'ट्रेस: द.' तिसरीत: 'तपासले: सु.' शेवटच्या सहा अर्जांत तिसरी ओळ कोरी होती. फाइल बंद करणाऱ्यांपैकी कुणी त्या कोपऱ्याकडे पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांत मी तर अर्जच कधी मागून वाचला नव्हता.

नानांनी नवा कागद ताणून बसवला. तेराव्या अर्जावरही नाव तिचंच. मी म्हटलं, नाना, हा टेबलावरूनच परत येईल. ते म्हणाले, येऊ दे.

लिहून झाल्यावर त्यांनी पेन माझ्याकडे केलं आणि 'तपासले'समोरच्या कोऱ्या घरावर बोट ठेवलं. मी सवयीने पूर्ण नाव आणि खाली संघटनेतलं पद लिहायला गेले.

"एकच अक्षर," नाना म्हणाले. "तिच्या घराला जास्त वजन नको."