भोक बुजवलेला आरसा

बाळांनो, आधी एक सांगा. रानात वाट चुकलात, खोल घळीत पडलात, तर भरवसा कोणावर ठेवाल? गळ्यातल्या आरशावर, की तो आरसा ज्यानं विकला त्याच्यावर?

घाई नको. शेंगदाणे खात खात विचार करा, तोवर मी गोष्ट सांगतो. मी स्वतः आरसे विकत होतो, त्यामुळे उत्तर मला ठाऊक आहे. पण ते आत्ताच सांगितलं तर पुढं ऐकायला कोण बसेल?

तर एका जंगलात, जिथं घळी जास्त आणि पायवाटा कमी होत्या, एक दुकान होतं. दुकान माझं. मी साळिंदर, नाव दामूशेठ. शाळेत मी एकच दिवस गेलो. शेजारच्या सशाला काटे टोचले आणि मास्तरांनी मला दाराबाहेर बसवलं. दाराबाहेर एक खार बोरं विकत बसायची. तिच्याकडून जे शिकलो तेवढंच माझं शिक्षण.

पण धंद्यात हात बरा बसला. बेडकाला मी छत्री विकली आहे. वटवाघळाला उशी विकली आहे, आणि ती खाली पडली तेव्हा दुसरी विकली आहे. तेव्हा मला वाटायचं, याला हुशारी म्हणतात.

आमच्या जंगलात हरवलेल्याला शोधायची एक रीत होती. चंद्राक्का घार रोज दुपारी डोंगराच्या धारेवरून एक फेरी मारायची. खाली कोणी अडचणीत दिसलं की शीळ घालायची. शीळ ऐकली की गवेबुवा वेलींचा दोर खांद्यावर टाकून निघायचे. रीत चोख होती, फक्त माणूस दिसला पाहिजे. माणूस म्हणजे आपलं जनावर. घळींत झाडोरा इतका, की वरून हत्तीसुद्धा दिसत नसे. ओरडून उपयोग नव्हता. वारा आवाज उचलून भलत्याच घळीत नेऊन टाकायचा.

म्हणून वाघमहाराजांनी फर्मान काढलं. वस्तीबाहेर जाणाऱ्यानं गळ्यात आरसा बांधावा आणि अडचण आल्यास चंद्राक्कावर उजेड पाडावा. खाली बारीक अक्षरात होतं : ज्याच्याकडे आरसा नाही त्याला हरवण्याची परवानगी नाही.

आरसे करायचं काम नदीकाठच्या रेवाबाईकडे गेलं. रेवाबाई पाणमांजर. हात मोठा कसबी. तिनं पोलादाचे पत्रे घासून घासून तळव्याएवढे आरसे केले. दगडावर आपटले तरी फुटायचे नाहीत. दोरी ओवायला कोपऱ्यात एक भोक. आणि ऐन मध्यात आणखी एक, ज्वारीच्या दाण्याएवढं.

आरसे माझ्या दुकानात लागले. पहिलं गिऱ्हाईक आलं सावळारामभाऊ भेकर. हा मोठा संशयी प्राणी. पान हललं तरी भुंकणार.

"शेठ, याला भोक आहे."

"दोरीचं आहे ते, भाऊ."

"कोपऱ्यातलं दोरीचं. मी मधल्याचं बोलतोय. मागं तुम्ही मला बादली दिलीत, तिलाही भोक होतं."

"बादलीचं विसरा आता."

"मी विसरीन हो. पाणी विसरत नाही." त्यानं आरसा तोंडासमोर धरला. "हे बघा. नाकाच्या जागी भोक दिसतंय. हे गळ्यात घालून फिरलो तर आमची मंडळी काय म्हणेल?"

आरसा ठेवून तो निघून गेला. त्याच्यामागून आलेल्यांनीही तेच केलं. बाळांनो, संकटासाठी आरसा निवडायचा असला तरी गिऱ्हाईक तो निवडतं स्वतःचं तोंड बघून. आणि तोंडात भोक कोणाला आवडतं?

त्या दुपारी मी पळसावरची लाख वितळवली. एकेका आरशाचं मधलं भोक बुजवलं आणि वर लाल टिकली चिकटवली. पाटी लावली : 'महाराजा स्पेशल. नवा माल. टिकली निघाल्यास दुसरा आरसा फुकट.'

सावळारामभाऊ परत आला. आरसा उलटापालटा करून बघितला. "हा बिनभोकाचा?"

"खास तुमच्यासाठी मागवला."

"आणि वापरायचा कसा?"

"फक्त वर धरायचा, भाऊ. बाकी आरसा बघून घेतो."

हे वाक्य माझं मलाच इतकं आवडलं, की मी ते पाटीवरही लिहिलं.

आठवड्यात निम्मं जंगल टिकल्या मिरवायला लागलं. तेवढ्यात एक दिवस रेवाबाई दुकानात आली. गल्ल्यावरचा आरसा उचलून तिनं टिकलीवर नख फिरवलं.

"हे काय केलंत, शेठ?"

"बाई, गिऱ्हाइकाला भोक चालत नाही."

"तो आरशाचा डोळा आहे."

मग तिनं लाख न लावलेला एक आरसा घेतला आणि उन्हात उभी राहिली. आरसा डोळ्याशी धरून भोकातून बघू लागली. दुसरा पंजा लांब केला, दोन बोटं फाकली. आधी कवडसा त्या बोटांवर आणला. मग समोरच्या वडाचं एक पान बोटांच्या बेचक्यात धरलं आणि आरसा हलकेच कलवला. सबंध वडावर तेवढं एकच पान लखलखलं.

"आज पान, उद्या चंद्राक्का," ती म्हणाली. "भोकातून बघितल्याशिवाय उजेड कुठं चाललाय हे कळणार कसं? काढा ती लाख."

"काढतो की."

"कधी?"

"आजच."

बाळांनो, 'आजच' हा आमच्या धंद्यातला फार लांबलचक शब्द आहे.

पंधरा दिवसांनी पलीकडच्या डोंगरावर बाजार होता. मी डझनभर महाराजा स्पेशल पाठीवर टाकले आणि उजाडताच निघालो. वाटेत माल तपासत चाललो होतो. खरं सांगायचं तर एका आरशात स्वतःला बघत चाललो होतो. टिकली बरोबर माझ्या कपाळावर येत होती. छान दिसत होतो. आणखी थोडं छान दिसावं म्हणून आरसा जरा दूर धरला, एक पाऊल मागं घेतलं, आणि घळीत पडलो.

पोलादी आरसे. एकही फुटला नाही. माझी मात्र एक बरगडी गेली.

"आलात? बरं झालं," अंधारातून आवाज आला. "तक्रार नोंदवायची होती."

सावळारामभाऊ होता. दोन दगडांच्या फटीत त्याचा मागचा पाय अडकला होता. खुराच्या वर सुजून काळानिळा झालेला. डोळे खोल गेलेले. शेजारच्या खडकावरचं शेवाळ त्यानं चाटून चाटून साफ केलं होतं.

"किती दिवस झाले, भाऊ?"

"आजचा चौथा. तुमचा आरसा रोज वर धरतोय. अजून काही बघून घेतलं नाही त्यानं."

मी दगडाला खांदा लावला. दगड हलला नाही, बरगडीच हलली. कडा गुळगुळीत, वर चढायची सोय नाही. मी पायाला हात लावला, तर सावळाराम ओरडलाही नाही. पान हललं तरी भुंकणारा प्राणी तो, आणि आता गप्प राहिला होता.

"शेठ, खरं सांगा," तो म्हणाला, "उद्यापर्यंत निघेन मी?"

निघणार नाही, हे दोघांनाही दिसत होतं.

"ऊन कधी येतं इथं?" मी विचारलं.

"दुपारी. एक चिलीम ओढून होईल एवढा वेळ. चंद्राक्का तेव्हाच वरून जाते. रोज बघतो मी तिला. ती मला बघत नाही."

म्हणजे संधी एकच होती, आणि तिला सकाळभराची मुदत होती. मी एक आरसा घेतला आणि सावळारामकडे पाठ करून बसलो. साळिंदराच्या पाठीआडून फारसं काही दिसत नाही. मग पाठीतला एक काटा उपटला आणि टिकलीत खुपसला.

टिकली निघाली. लाख निघाली नाही.

काटा मोडला. दुसरा उपटला. तोही मोडला. लाख मी मन लावून भरली होती. आयुष्यात एवढं पक्कं काम मी एकच केलं, आणि ते हे.

"काय करताय हो मघापासून?" मागून आवाज आला.

"सुधारणा."

"कसली?"

"आरशाला भोक पाडतोय."

सावळाराम म्हणाला, "डोक्यावर पडलात का हो?"

"तसाच पडलो."

"चांगल्या आरशाला भोक पाडताय! अहो, भोक नको म्हणून तर मी हा घेतला!"

मी तिसरा काटा उपटला. काटा उपटताना दुखतं, बाळांनो. पण त्या दिवशी त्याहून जास्त दुसरंच काहीतरी टोचत होतं. चौथा गेला, पाचवा गेला. वर कड्यावर उन्हाची रेघ उतरायला लागली. सहावा गेला. रेघ निम्म्यावर आली.

"शेठ," सावळाराम हळूच म्हणाला, "नाही जमलं तर आमच्या मंडळीला सांगा, तुमचा आरसा वाईट नव्हता. मलाच धरता आला नसेल."

सातवा काटाही मोडला.

आठव्यानं पलीकडचा उजेड दाखवला.

ऊन घळीत आलं. वर पानांच्या झरोक्यातून निळा तुकडा दिसत होता आणि त्यात एक काळा ठिपका सरकत होता. मी आरसा डोळ्याशी धरला. दुसरा पंजा वर केला, बोटं फाकली. कवडसा बोटांवर येईना. कड्यावर गेला, सावळारामच्या नाकावर गेला. तो शिंकला. रेवाबाईनं वडाखाली कसं केलं होतं ते आठवलं. घाई न करता हात कलवला. उजेड बोटांवर आला. ठिपका बेचक्यात आला. एकदा कलवला. दोनदा. तीनदा.

ठिपका डगमगला. मग गिरकी घेऊन सरळ खाली यायला लागला.

"कोण आहे रे तो?" चंद्राक्का वरूनच कडाडली. "चालत्या फेरीत डोळ्यांवर उजेड मारतोय! लाज नाही वाटत? थांब, खाली येते आणि दाखवते!"

ती भांडायला आली होती. खाली येऊन तिनं सावळारामचा पाय बघितला. मग अशी शीळ घातली, की पलीकडच्या डोंगरावरचा बाजार थांबला. गवेबुवा आले, दगड हटवला, दोर सोडला. आधी सावळारामभाऊ वर गेला, मग मी, मग माझे बारा आरसे. आरसे राहू दे म्हणायला हवं होतं, पण सवय जात नाही.

इथवरची गोष्ट तुमच्या कानावर असेलच. कारण सावळारामनं ती जंगलभर सांगितली. "शेठनी तिथल्या तिथं शोध लावला! स्वतःचे काटे उपटून आरशाला भोक पाडलं!" चौकाचौकात माझे फ्लेक्स लागले. त्यावर माझ्या फोटोखाली लिहिलं होतं : 'छिद्रमहर्षी दामूशेठ'. वाघमहाराजांनी स्वतः शाल दिली, नारळ दिला. भाषणात ते म्हणाले की असं डोकं शाळेत जाऊन मिळत नाही.

रेवाबाई पहिल्या रांगेत बसली होती. हार घालायला वर आली तेव्हा माझ्या कानाशी लागली.

"लाख कुठली वापरली होती, शेठ? चांगली पक्की दिसते."

मी हसून फोटोसाठी पुढं बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून दुकानापुढं रांग लागली. ज्याला त्याला आपल्या टिकलीच्या जागी भोक हवं होतं, आणि तेही छिद्रमहर्षींच्या हातचं. आधी मी भोक बुजवून आरसे खपवले. आता भोक पाडून नाव कमावत होतो. मधल्या मध्ये आरसा रेवाबाईनं केला होता तसाच्या तसा झाला, आणि तिला एक फूलही कोणी दिलं नाही.

सावळारामभाऊ वाचला, पण पाय अधू राहिला. रोज सकाळी तो दुकानावरून लंगडत जातो. दारासमोर थांबतो, हात जोडतो आणि म्हणतो, "शेठ, तुमच्यामुळं आहे हो मी." गिऱ्हाइकाच्या शिव्या मी आयुष्यभर पचवल्या. हे दोन हात तेवढे पचत नाहीत. तो वळला की मी उगाच टिकल्या मोजत बसतो.

तात्पर्य : संकटात उपयोगी पडणारी वस्तू आधी सुंदर करून निकामी करावी. मग ऐनवेळी ती पुन्हा उपयोगी केली की सत्कार होतो. जो ती पहिल्यापासून नीट करतो त्याला पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवाव्या लागतात.

आणि बाळांनो, पुढंमागं तुम्ही शहाणे व्हाल, वही-लेखणी हातात घ्याल. तेव्हा माझं खातं खरेपणानं लिहा. सावळारामभाऊचे घळीतले चार दिवस आणि एक पाय माझ्या नावे मांडा. त्याची सुटका रेवाबाईच्या जमेला टाका. माझ्या जमेला काही टाकायचंच असेल तर ते मोडलेले सात काटे टाका. आठवा नको.