तिसऱ्या रांगेतला प्रॉम्प्टर

गेल्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी, घाटनांदूरच्या आमच्या नाट्यगृहात महालिंगअप्पांनी पडद्यावरच्या नायकाला त्याचं वाक्य सांगितलं. नायक ते विसरला नव्हता. चित्रपट कृष्णधवल होता आणि तो नट जाऊनही बरीच वर्षं झाली होती. दारात उभा राहून तो क्षणभर थांबला, एवढंच. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून दबका, पण शेवटच्या भिंतीपर्यंत पोचणारा आवाज आला, "आई, मी परत आलोय."

मग नायकही तेच म्हणाला.

"ऐकू गेलं बरं का अप्पा त्याला!" मागून बालाजी ओरडला. बालाजीचं मेडिकलचं दुकान आहे. अप्पांबद्दलची त्याची ही आठवी तोंडी तक्रार. लेखी दोन आहेत.

नाट्यगृह म्हणजे सरकीचं जुनं गोदाम. साठ प्लास्टिकच्या खुर्च्या, एक रंगमंच, एक पडदा. रविवारी जुना चित्रपट आणि ऊसतोडीला गेलेली माणसं परतली की वर्षातून एक नाटक. हंगामात गाव निम्मं रिकामं असतं. त्या रविवारी प्रेक्षक एकोणीस होते, त्यातले दोन झोपलेले. समितीचा चिटणीस मी आहे. दुसरं कोणी तयार होत नाही, म्हणून नऊ वर्षं मीच आहे. पेपरला गावच्या बातम्या पाठवतो, म्हणून गाव मला पत्रकार म्हणतं.

अप्पांचं भांड्यांचं दुकान आहे, पण ओळख प्रॉम्प्टर म्हणून. पस्तीस वर्षं ते डाव्या विंगेत स्टुलावर बसले. मांडीवर वही, वहीवर बॅटरीचा उजेड. "वाक्य भुईवर पडू द्यायचं न्हाई," हा त्यांचा नियम. तो त्यांनी नाटकापुरता ठेवला नाही. शोकसभेत सरपंच "मृतात्म्यास" म्हणून श्वास घ्यायला थांबले, तर अप्पा खालून म्हणाले, "शांती." लग्नात त्यांनी भटजींना दोनदा पुढचा शब्द दिला. दुकानात गिऱ्हाईक "मला ते हे पाहिजे..." म्हणून अडलं की अप्पा सांगत, "पातेलं. पाच लिटरचं." सांडशी न्यायला आलेली माणसं पातेलं घेऊन घरी गेल्याची उदाहरणं आहेत.

चित्रपटाला अप्पांच्या शेजारी दत्ता गुरुजी बसतात. निवृत्त शिक्षक, आमच्या नाटकांतले कायमचे नायक. तीन वर्षांपूर्वी "आता पुरे" असा त्यांचा निरोप आला. निरोप अप्पांनीच आणला होता. तेव्हापासून गुरुजी कोणाशी फारसं बोलत नाहीत. मोठ्या नटाचा रुबाब असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

सोमवारी समिती बसली. बैठक दीड तास चालली. त्यातला एक तास चहा येण्यात गेला.

"म्हाताऱ्याला घरी बसवा," बालाजी म्हणाला. "आमी सिनेमा बघायला येतो का ह्यांचं पाठांतर ऐकायला?"

पुढच्या खेळापासून अप्पांना प्रवेश नाही, असा ठराव झाला. पत्र पोचवायचं काम चिटणिसाकडे आलं.

मंगळवारी दुपारी चारला मी पत्र घेऊन गेलो. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. शेजारचा टेलर मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "गुरुजीकडं गेलेत. रोज ह्याच टायमाला जातेत."

गुरुजी बाहेरच्या खोलीत खाटेवर बसले होते. मी नमस्कार केला. ते माझ्याकडे पाहून हसले आणि हसतच राहिले. आतल्या दाराच्या पडद्यामागून दबका आवाज आला, "पत्रकार आलेत."

"या पत्रकार!" गुरुजी खणखणीत म्हणाले.

"बसा म्हणा."

"बसा की, उभे कावून?"

सून चहा घेऊन आली. पडद्यामागून आवाज आला, "सुनंदा."

"सुनंदा, पत्रकारांना बिस्किटं दे."

शब्दफेक पूर्वीसारखीच होती. पडद्याखाली अप्पांची पावलं दिसत होती.

नंतर अंगणात अप्पा म्हणाले, "तीन वर्षं झाली. आधी गावातल्यांची नावं गेली. आता सुनेचं, नातवाचं, सगळंच. लोकांना कळलं तर कीव करत्याल. ती गुरुजीला सोसायची न्हाई."

"आणि सिनेमात का बोलता?"

"पडद्यावरचा गप झाला का त्यांना वाटतं, आपलंच वाक्य हाय अन् आपण इसरलो. खुर्चीचा हात धरून उठाया बघतेत. घाम फुटतो. वाक्य कानावर पडलं का निवांत बसतेत."

त्यांनी खिशातून वही काढली. दर सोमवारी ते पुढच्या चित्रपटाचा पेनड्राइव्ह नेतात, दुकानात दोनदा बघतात आणि नट जिथे थांबतो तिथलं पुढचं वाक्य मिनिटासकट लिहून घेतात. येत्या रविवारची तेवीस वाक्यं लिहून झाली होती.

"लई थकलो पत्रकार," अप्पा म्हणाले. "पण आठवड्यात तेवढेच दोन तास ते घराबाहेर असतेत. तुमी काय कामानं आल्ता?"

"सहज," मी म्हणालो.

पुढच्या बैठकीत मी पत्र पोचलं नसल्याची नोंद केली. कारण कोणी विचारलं नाही.

काल रविवार होता. अप्पा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लातूरला गेले आहेत. तिसऱ्या रांगेत गुरुजींच्या शेजारी मी बसलो. अप्पांची वही माझ्या मांडीवर होती. पाच वाजून बावीस मिनिटांनी नायिका खिडकीपाशी थांबली. गुरुजींनी खुर्चीचा हात धरला आणि पुढे झुकले.

"दिवा कोणी लावला?" मी वाचलं.

"अहो पत्रकार!" मागून बालाजी म्हणाला. "आता तुमीबी?"

पडद्यावर नायिकेने दिवा कोणी लावला, असं विचारलं. गुरुजींनी खुर्चीचा हात सोडला.