नाडगौडा काकांची निवड समिती

दिल्लीच्या द्वारकेतले नाडगौडा काका दुधी भोपळासुद्धा तीन कोटेशनं घेतल्याशिवाय आणत नाहीत. सोसायटीच्या गेटवर भाजीच्या तीन गाड्या उभ्या असतात. काका पहिलीवर भाव विचारतात, दुसरीवर विचारतात, तिसरीवर विचारतात आणि मग विचार करायला घरी येतात. परत जाईपर्यंत दुधी संपलेला असतो. "अंकल जी, लेना हो तो लो, पूछताछ मत करो," असं भाजीवाले तोंडावर सांगतात. काकांना त्यात अपमान वाटत नाही. "प्रोसेस आहे," म्हणतात. काकू मुकाट्याने वरणाला फोडणी देतात.

केंद्र सरकारच्या एका खात्यात, खरेदी विभागात काकांचा जन्म गेला. रिटायर झाले, पण विभाग त्यांच्यातून रिटायर झाला नाही. मी त्यांच्याकडे भाड्याने राहतो. वडील फौजेत हवालदार. त्यांची बदली झाली तेव्हा कँटोन्मेंटमधलं क्वार्टर सुटलं आणि माझं कॉलेज इथेच राहिलं. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच, म्हणून शिकलेल्या माणसांविषयी मला आदर आहे. काकांविषयीही होता. अजून आहे, पण मधे मधे त्याला खड्डे पडले.

एकदा आम्ही पानिपतला काला अंबला, लढाईच्या स्मारकापाशी गेलो होतो. सगळे हात जोडून उभे होते, माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं होतं. काका मान हलवून म्हणाले, "धान्याची ऑर्डर वेळेत निघाली नाही रे. बाकी काही नाही." येताना त्यांनी चादरींची नऊ दुकानं पाहिली आणि चादर घेतली नाही.

अशा माणसाला सॉफ्टवेअर निवडायचं होतं.

कारण होत्या अक्का. काकांची मोठी बहीण, मिरजेला एकट्याच असतात. डोळे अधू झाल्यापासून कॉम्प्युटरवर अक्षरं मोठी करून पेपर वाचतात. तेवढाच त्यांचा दिवसाचा आधार. पण दर दोन-चार दिवसांनी काकांना फोन यायचा, "अप्पू, अक्षरं पळाली रे!" म्हणजे लहान झाली. ती दिल्लीत बसून मोठी करायची, तर अक्कांचा स्क्रीन इथे दिसायला हवा आणि त्यांचा माउस इथून हलवता यायला हवा. त्यासाठी सॉफ्टवेअर मिळतात. अडचण एवढीच की अक्कांकडे जुनं विंडोज, काकांकडे मुलाने दिलेला मॅक आणि माझ्या लॅपटॉपवर विंडोज रडत चालायचं म्हणून मी टाकलेलं लिनक्स.

"मिक्स्ड एन्व्हायर्नमेंट!" काका हर्षाने म्हणाले. हा शब्द त्यांना इतका आवडला की पोह्यांत बटाटा दिसला तरी ते म्हणू लागले. "मी मिरजेचा, ही वऱ्हाडातली. आमच्याकडे पहिल्यापासूनच मिक्स्ड एन्व्हायर्नमेंट."

"आणि सपोर्ट कोणीच देत नाही," काकू म्हणाल्या.

समिती नेमली गेली. काका अध्यक्ष, मी मेंबर सेक्रेटरी, काकू विशेष निमंत्रित; म्हणजे चहा करायचा आणि मत द्यायचं नाही.

पहिलं सॉफ्टवेअर मॅकवर काळा पडदा दाखवू लागलं. स्क्रीन बघायची परवानगी सेटिंगमध्ये जाऊन द्यावी लागते. काका चिडतील असं मला वाटलं. ते गहिवरले. "माझ्याच मशीनवर माझीच मंजुरी! याला म्हणतात शिस्त." तरीही ते नापास झालं, कारण माझ्या लिनक्सवर चालेना आणि मेंबर सेक्रेटरीला वगळून निर्णय घेणं नियमात बसत नव्हतं. दुसरं थोड्या वेळाने आपोआप बंद व्हायचं आणि सांगायचं की तुम्ही हे धंद्यासाठी वापरता असा संशय आहे. "धंदा?" काका खुर्चीतून उठले. "मी? क्लास वन ऑफिसर?" तिसऱ्यात काही दोष सापडला नाही. म्हणून ते संशयास्पद ठरलं.

महिने गेले. तोवर ज्याची चाचणी चालू असेल त्यावर काम भागवायचं. त्यातही अक्कांच्या स्क्रीनवर मोठ्या आकड्यांत एक नंबर यायचा, तो त्यांनी फोनवर वाचून दाखवायचा, काकांनी इथे टाकायचा. दोन आकड्यांच्या मधे अक्का अख्खी मिरज फिरवून आणायच्या. मला त्यांची फार काळजी वाटायची. शेवटी धीर करून म्हणालो, "काका, रागावू नका, पण आपण निवडतोय आणि तिकडे त्यांना वाचता येत नाहीये."

"यार, तू अजून लहान आहेस," काका म्हणाले.

मग मीच चौथं शोधलं. तिन्हीकडे चालणारं, फुकट, आणि मुख्य म्हणजे एकदा परवानगी दिली की पलीकडे कोणी नंबर सांगायची गरज नाही. शनिवारी अक्कांकडून ते लावून घेतलं. "ये की रे कधीही, विचारतोस काय," त्या म्हणाल्या. त्यांना ते कितपत समजलं, कोण जाणे.

रविवारी सकाळी समिती बसली. मी अभिमानाने मिरजेचा स्क्रीन उघडला. पेपर उघडा होता. अक्षरं लिंबाएवढी. पान हळूहळू वर सरकत होतं. अक्का वाचत होत्या.

"बघा काका, सगळं ठीक आहे."

तेवढ्यात अक्कांच्या माउसचा बाण थांबला. मग तो न अडखळता कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर गेला. यादी उघडली. वजाच्या खुणेवर टिचकी पडली, पुन्हा पडली, पडतच राहिली. अक्षरं आक्रसत मुंगीएवढी झाली.

आणि काकांचा फोन वाजला. त्यांनी सवयीने स्पीकर लावला.

"अप्पू, अरे, पळाली बघ पुन्हा!"

मी तोंड उघडलं. काकांनी माझ्याकडे न बघता हात वर केला आणि दुसऱ्या हाताने माझा लॅपटॉप हलकेच मिटला. काकू दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच मागे फिरल्या.

"पळाली का? घाबरू नकोस," काका म्हणाले. "हे नवीन काही कामाचं नाही. आपलं जुनंच उघड. नंबर आला?"

"आला. चार... सात... अरे, शेजारच्या सुनेला मुलगी झाली, सांगितलं का तुला?"

"नाही. कधी?"

त्यांनी स्पीकर बंद केला, फोन कानाशी धरला आणि खुर्ची खिडकीकडे वळवली. मी लॅपटॉप उचलून बाहेर आलो. बराच वेळ आत नुसते हुंकार चालले होते. मग काकांचा आवाज आला, "चार-सातच्या पुढे काय गं? सावकाश सांग. मला कुठे जायचंय."